पाणी कुठले, ते आधी ठरवा

केळबाई देवीच्या मुळगावात, किंवा डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गावात, एखाद्या घराला मागच्या दाराकडून चक्कर मारली की लक्षात येते, इथे तीन वयांची तीन घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत. पुढचे आजोबा-पणजोबांच्या काळातले, मातीत बांधलेल्या जाड चिरेबंदी भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे. त्याला मागून जोडलेली न्हाणी आणि स्वयंपाकघर सत्तर-ऐंशीच्या दशकातले, सिमेंटात बांधलेले. आणि बाजूला किंवा वर, मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने घातलेला स्लॅब, त्यात खोलीला लागून टाइल्सचे बाथरूम. नळ तिन्हीकडे आहेत. जुन्या भागात ते मागाहून आणलेले, मधल्यात लोखंडी, नव्यात प्लॅस्टिकचे आणि भिंतीत गाडलेले. प्रत्येकाची गळण्याची जागा वेगळी, कारण वेगळे आणि दुरुस्तीही वेगळी. बाहेर दिसते ते मात्र सगळीकडे सारखेच: फुगलेला रंग, सुटलेला गिलावा, काळपट ओल. मग तिन्हींवर एकच निदान होते, यंदा पाऊस फार झाला.

हे निदान अगदीच चुकीचे असते असे नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो, धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. पावसाळ्यात इथली कुठली भिंत कोरडी असणार? पण नेमक्या याच कारणाने नळाची गळती वर्षानुवर्षे पावसाच्या आड लपून राहते. आणि जेव्हा ती शोधायला घेतली जाते तेव्हा पहिल्याच दिवशी छिन्नी-हातोडा बाहेर येतो, चार टाइल्स फुटतात, गळती सापडत नाही, म्हणून आणखी आठ फुटतात. माझे ठाम मत असे आहे की गळती शोधण्याचे निम्म्याहून जास्त काम भिंतीला हात न लावता होते, आणि ते दिवाळीपासून मे महिन्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत करायचे असते.

घराच्या भिंतीत चार तऱ्हेचे पाणी असू शकते. पावसाचे, जमिनीतून वर चढणारे, वापरून झालेले सांडपाणी आणि नळाचे. पावसाचे पाणी वरून किंवा वाऱ्याच्या बाजूने येते. पाऊस थांबल्यावर ओल हळूहळू आक्रसते आणि दिवाळीपर्यंत बहुतेक वाळते. जमिनीचे पाणी जोत्यातून चिऱ्यात चढते, गुडघ्या-कमरेच्या उंचीवर जाऊन थांबते, आणि तिथे लोण्याची, म्हणजे क्षारांची, पांढरी आडवी रेघ सोडते. सांडपाण्याची ओल घरातल्यांच्या दिनक्रमाप्रमाणे चालते: सकाळच्या आंघोळी झाल्या की वाढते, दुपारी कमी होते, घर आठवडाभर बंद असेल तर नाहीशी होते, बऱ्याचदा तिला वासही असतो. नळाचे पाणी मात्र यांतले काहीच पाळत नाही. वरच्या टाकीचा दाब चोवीस तास असतो, म्हणून ती ओल रात्रीही असते आणि एप्रिलातही.

एप्रिल-मे हे खरे परीक्षेचे महिने. परसातले गवत करपलेले असताना भिंतीच्या एका कोपऱ्यात हिरवे शेवाळ जिवंत असेल, जोत्याच्या फटीतून नेचे उगवलेले असेल, न्हाणीचे पाणी जिथे जात नाही अशा जागी अळू टवटवीत असेल, तर तिथे खाली पाणी आहे. दाराच्या चौकटीवर वाळवीची मातीची नळी चढलेली दिसली तर केवळ औषध मारून थांबू नका. वाळवीला ओल लागते, आणि ती ओल कुठून मिळते हा पुढचा प्रश्न आहे. गिझरची नळी फरशीखालून जात असेल तर अनवाणी चालताना एखादी फरशी कोमट लागते. प्रेशर पंप बसवलेल्या घरात रात्री कोणीही नळ उघडलेला नसताना पंप मध्येच काही क्षण चालू होऊन बंद पडतो. ही खूण तर जवळजवळ न चुकणारी आहे, कारण नळीतला दाब कुठेतरी उतरल्याशिवाय पंप चालू होत नाही.

भिंत बाहेरून भिजते की आतून, याचा संशय असेल तर एक साधी चाचणी आहे. दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा ओल्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतो आहे, नळाचा काही दोष नाही. श्रावणात बंद खोलीच्या भिंतींना येणारा घाम हा बऱ्याचदा याच जातीचा असतो आणि त्यावर उपाय खिडकी उघडण्याचा आहे.

आता मीटर. ऑक्टोबर २०२० मध्ये सगळ्या ग्रामीण घरांना नळजोडणी देणारे देशातले पहिले राज्य म्हणून गोवा जाहीर झाले. म्हणजे ज्या घरात पूर्वी विहीर आणि राहाट एवढेच होते, त्याच्याही कुंपणाशी आज मीटर आहे. हे मीटर म्हणजे घरातले सर्वांत स्वस्त गळतीशोधक यंत्र, आणि आपण ते फक्त बिलापुरते वापरतो. मीटरच्या तबकडीवर काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर, आणि बहुतेक मीटरांत एक छोटे चाक किंवा त्रिकोण असतो, जो बारीकशा प्रवाहानेही फिरतो. घरातले सगळे नळ बंद करा, टाकीच्या बॉलकॉकचा गोळा वर बांधून पाणी आत जाणे थांबवा, आणि पंधरा मिनिटे त्या चाकाकडे बघा. फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामधली नळी जमिनीखाली गळते आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून ही चाचणी पाणी चालू असतानाच करावी लागते, तीही पाणी आल्या आल्या नव्हे. सुरुवातीला नळीतली हवा बाहेर पडते आणि तीही चाक फिरवते. प्रवाह नीट लागल्यावर करा.

त्या भागात गळती नसेल तर पुढची पाळी टाकीखालच्या नळांची. रात्री निजण्यापूर्वी टाकीत येणारे पाणी बंद करायचे, पाण्याची पातळी पेन्सिलीने किंवा काठीवर खूण करून ठेवायची, आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजायची. हजार लिटरच्या नेहमीच्या काळ्या गोल टाकीचा व्यास एक मीटरच्या थोडा वर असतो; व्यास एक मीटर दहा सेंटिमीटर धरला तर पातळी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे साडेनऊ लिटर पाणी जाणे. आठ तासांत पाच सेंटिमीटर उतरली तर तासाला सहा लिटर गेले. टाकीतून स्वयंपाकघराला, खालच्या न्हाणीला, वरच्या बाथरूमला वेगवेगळ्या नळ्या निघत असतील आणि प्रत्येकीला वॉल्व असेल, तर एकेका रात्री एकेक वॉल्व बंद ठेवून ही मोजणी करा. ज्या रात्री पातळी हलत नाही, त्या रात्री बंद असलेल्या नळीत दोष आहे. सगळे वॉल्व बंद असूनही पातळी उतरली तर टाकीच्या तळाचा सांधाच गळतो. हे सगळे करायला तीन-चार रात्री जातात, पैसा शून्य लागतो, आणि शेवटी प्लंबरला बोलावताना तुम्ही त्याला सांगू शकता, 'वरच्या बाथरूमची लाइन बघ.' नुसते 'कुठेतरी गळते आहे' असे सांगण्यात आणि यात कित्येक फुटलेल्या टाइल्सचा फरक आहे.

थोडा हिशोब केला तर या खटाटोपाचे मोल कळते. १ सप्टेंबर २०२१ पासून गोवा सरकारने महिन्याला १६ घनमीटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या घरांना ते मोफत देण्याची योजना सुरू केली होती. १६ घनमीटर म्हणजे १६ हजार लिटर, दिवसाला सुमारे ५३३. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचे मान धरले जाते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला दिवसाला ५४०. आता दहा मिनिटांत एक लिटर भरेल एवढी बारीक धार धरा. ती धार दिवसाला १४४ लिटर नेते, महिन्याला ४.३ घनमीटर. काटेकोर वापर करणारे घरही एवढ्या धारेने मर्यादेपलीकडे जाते. आणि ही धार भिंतीत असेल तर तिचा आवाजही येत नाही.

भिंतीकडे वळण्यापूर्वी दोन ठिकाणे तपासून घ्यावीत, कारण लपलेल्या गळतीत वरचा क्रमांक अनेकदा त्यांचाच असतो. एक म्हणजे टाकीचा बॉलकॉक. तो नीट बंद होत नसेल तर पहाटे पाणी येते तेव्हा ओव्हरफ्लोची नळी छपराच्या पन्हळीत वाहत राहते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. दुसरे म्हणजे संडासाची फ्लश टाकी. तिच्या तळाचे रबर झिजले की पाणी काचेसारखे पातळ पसरून भांड्यात उतरते, दिसत नाही, ऐकू येत नाही. टाकीत कपड्यांच्या निळीचे दहा-बारा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात निळसर पाणी दिसले तर रबर बदला. मुळगावसारख्या ठिकाणी याचा आणखी एक त्रास आहे. गटारव्यवस्था पणजी, मडगाव, वास्को अशा मोजक्या शहरांत. बाकी सगळीकडे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. चोवीस तास गळणारी फ्लश टाकी तो खड्डा भरत राहते, आणि पावसाळ्यात जमीन आधीच तुडुंब असताना तो वर येतो. लोक खड्डा उपसून घेतात आणि रबर तसेच राहते.

आता एकेका वयाच्या घराकडे.

सर्वांत जुन्या भागात नळ बांधणाऱ्याच्या मनातही नव्हते. न्हाणी मागीलदारी, पाणी तापवायचे भाण चुलीवर, सांडपाणी उघड्या पाटाने माडांच्या आणि केळींच्या मुळाशी. पाणी घराच्या आत यायचेच नाही, ही त्या बांधणीची शिस्त होती आणि ती शहाणपणाची होती, कारण भिंतीतले चिरे मातीने जोडलेले होते. पुढे त्याच भिंतीला भोक पाडून नळ आत आला, कोपऱ्यात मोरी झाली, काही ठिकाणी देवघराच्या पाठीमागे बाथरूम आले. अशा ठिकाणची गळती तिन्हींत सर्वांत धोक्याची. सिमेंटातली भिंत भिजली तर खराब होते. मातीतली भिंत भिजली तर सांध्यातली माती मऊ होऊन वाहून जाते, चिरे आपल्या वजनाने बसतात, आणि भिंतीला पोट येते. जुन्या भिंतीला पोट आलेले दिसले, चिऱ्यांच्या फटीतून लाल गाळ ओघळलेला दिसला, तर गळतीचा शोध मागे ठेवा. आधी त्या बाजूचे पाणी मुख्य वॉल्वपाशी बंद करा, भिंतीला टेकू द्या आणि जाणकार गवंड्याला बोलवा.

या भिंतींत नळी गाडण्यासाठी खाच कधीही मारू नये. नळी बाहेरून, क्लॅम्पवर, दिसेल अशी न्यावी. ती डोळ्याला बोचते खरी, पण गळली तर त्याच दिवशी कळते. भिंतीतून पार जावीच लागली तर मोठ्या व्यासाच्या पाइपचा तुकडा भिंतीत बसवून त्यातून न्यावी, म्हणजे भिंत जरा खचली तरी नळीवर भार येत नाही. आणि जमिनीतून चढणारी ओल ही नळाची गळती समजून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नये. गेल्या काही दशकांत जुन्या घरांवर झालेला हा मोठा अन्याय आहे असे मला वाटते. चुन्याचा गिलावा ओलाव्याला बाहेर पडू देतो. सिमेंट त्याला कोंडते, मग ओल आणखी वर चढते आणि आज कमरेपर्यंत असलेला लोणा पुढे खांद्यापर्यंत जातो.

मधल्या वयाच्या भागात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या. निळ्या पट्टीची 'बी क्लास', लाल पट्टीची 'सी क्लास'. त्या काळी घराघरांत याच. जस्त झिजेपर्यंत लोखंडाला काही होत नाही. पण आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीतले विहिरीचे पाणी मृदू आणि बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असते. कपड्यांना साबण छान लागतो, आणि तेच पाणी जस्त खात राहते. ज्या घरात विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढवून नळांत सोडतात, तिथे या नळ्या तीन दशकांच्या आतही हार मानू शकतात. किनाऱ्याकडे, पेडण्यातल्या मोरजी, मांद्रे, हरमल अशा गावांत, खारा वारा बाहेरूनही तेच काम करतो.

जीआय नळी गळते ती बहुधा सांध्याशी, आणि याचे कारण मोजून दाखवता येते. अर्ध्या इंची 'बी क्लास' नळीची जाडी २.६ मिलिमीटर. तिला आटे पाडताना जवळजवळ १.२ मिलिमीटर धातू निघून जातो आणि त्याबरोबर तिथले जस्तही. म्हणजे सांध्यापाशी उरते ते निम्म्याहून थोडे जास्त, उघडे लोखंड, वर सूत आणि सफेदा. सफेदा वाळून भेगाळला की पाणी आट्यांत शिरते आणि गंज तिथून सुरू होतो. म्हणून अशा घरात ओल शोधताना भिंतीच्या मधोमध न बघता एल्बो, टी आणि नळाची तोटी जिथे असेल त्या जागा आधी बघाव्यात. मात्र ओलीचा डाग सांध्याच्या समोरच असेल असे धरू नका. पाणी नळीच्या बाहेरच्या अंगाने उताराकडे सरकते, चिऱ्याच्या सांध्यातून वाट काढते आणि दोन-तीन हात लांब जाऊन बाहेर पडते. ओल्या डागापासून वरच्या दिशेने, नळी जिकडून येते तिकडे शोध घ्यायचा.

सकाळी पहिल्यांदा नळ सोडला की मिनिटभर तांबूस पाणी येते का? आपल्या भागात, जिथे डोंगरातच लोहखनिज आहे, याचे उत्तर सरळ नाही. एक बाटली थेट विहिरीतून भरा, दुसरी सकाळच्या पहिल्या धारेची. दोन्ही तासभर ठेवा. दोन्ही तांबूस झाल्या तर लोह पाण्यातलेच. फक्त दुसरी तांबूस असेल तर नळ्या आतून गंजल्या आहेत. पाण्याची धार बारीक झाली असेल तर तेही त्याच गंजाचे लक्षण.

अशा घरात माझा सल्ला थोडा कठोर वाटेल. गाडलेल्या जीआय लाइनला एकदा गळती लागली आणि नळी तीस वर्षांच्या पुढे गेलेली असेल, तर तो एक सांधा दुरुस्त करून समाधान मानू नका. एल्बो बदलण्यासाठी पाना लावला की त्याच नळीचे दुसरे, कुजलेले टोक पिळले जाते आणि पुढच्या सहा महिन्यांत ते गळू लागते. एपॉक्सीची पुट्टी किंवा रबर आणि क्लॅम्प हे प्लंबर येईपर्यंतचे उपाय. जुनी लाइन दोन्ही टोकांना प्लग मारून भिंतीत तशीच मरू द्यावी आणि नवी नळी बाहेरून टाकावी. भिंत फोडण्याचा खर्च वाचतो, आणि तोच बहुतेक वेळा नळीच्या खर्चापेक्षा मोठा असतो.

नव्या भागात सीपीव्हीसी, फिक्या पिवळसर रंगाची. ती गंजत नाही, तापलेले पाणी सोसते, आणि म्हणून ती कायमची अशी समजूत पसरली आहे. प्रत्येक पिढीची आपल्या नळीबद्दल अशीच समजूत असते. अमेरिकेत १९७८ पासून १९९५ पर्यंत लाखो घरांत पॉलिब्युटिलीनच्या स्वस्त नळ्या बसल्या. पाण्यातल्या क्लोरीनने त्या आणि त्यांचे सांधे ठिसूळ होत गेले, आणि प्रकरण प्रचंड भरपाईच्या दाव्यापर्यंत पोहोचले. सीपीव्हीसी तशी नाही, ती चांगली नळी आहे. तिचे दुखणे बसवणाऱ्याच्या घाईत आहे.

या नळीचा सांधा सोल्युशनने वितळवून जोडतात. नळीचे टोक सरळ कापलेले, कड घासलेली, दोन्ही पृष्ठभाग कोरडे, सोल्युशन सीपीव्हीसीचेच, नळी पूर्ण आत ढकलून पाव फेरा फिरवलेली आणि अर्धा मिनिट दाबून धरलेली, एवढे झाले तर तो सांधा घराइतकाच टिकेल. पण पीव्हीसीचे पांढरे सोल्युशन हाताशी होते म्हणून तेच लावले, किंवा वरून थेंब थेंब पाणी येत असतानाच जोडले, किंवा सांधा वाळण्याआधी पाणी सोडले, तर तो काही महिने टिकतो आणि टाइल्स लागून झाल्यावर गळतो. दुसरी नाजूक जागा म्हणजे जिथे प्लॅस्टिकच्या फिटिंगमध्ये पितळेचे आटे बसवलेले असतात, शॉवरचा मिक्सर आणि गिझरची जोडणी. टेफ्लॉन टेपचे ढीगभर वेढे देऊन पाना जोरात मारला की फिटिंगला केसाएवढी चीर जाते. ती त्या दिवशी गळत नाही. गरम-थंड होता होता उघडते. सीपीव्हीसी तापल्यावर वाढतेही: तीन मीटर नळीचे पाणी पस्तीस अंशांनी तापले तर ती सहा-सात मिलिमीटर लांब होते. सिमेंटने दोन्हीकडून घट्ट आवळलेली असेल तर हा ताण कोपऱ्यातल्या एल्बोवर येतो.

आणि खिळे. आरसा, टॉवेलचा दांडा, पडद्याचा रॉड लावताना ड्रिल नळीतून जाते. स्क्रू स्वतःच बूच होऊन बसतो आणि काही वर्षांनी गंजला की गळू लागतो. नळाच्या तोटीच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल मारू नये, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

नव्या बाथरूमचा दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी प्लंबरकडे हाताने चालवायचा टेस्ट पंप असतो. लाइनची सगळी टोके बंद करून तिच्यात दाब भरतात आणि काटा बघत बसतात. काटा स्थिर राहिला तर नळी निर्दोष, मग सांडपाण्याकडे वळायचे. नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापड कोंबून ते बंद करा, जमिनीवर दोन इंच पाणी निळीने रंगवून चोवीस तास उभे ठेवा, आणि खालच्या छताकडे बघा. रंग उतरला तर दोष जमिनीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा टाइल्सच्या फटींत. नाही उतरला तर बोळा काढून पाणी एकदम सोडा, मग उतरले तर ट्रॅपचा किंवा खालच्या आडव्या पाइपचा सांधा गळतो. टाइल्सच्या फटींतून जाणारे पाणी असेल तर जुना ग्राऊट खरवडून एपॉक्सी ग्राऊट भरल्याने भागते. संपूर्ण बाथरूम उखडायचा सल्ला लगेच मानू नका.

म्हापसा-डिचोलीच्या सदनिकांत हीच चाचणी भांडणेही मिटवते, कारण रंगीत पाणी कुणाची बाजू घेत नाही. उदाहरणादाखल, शेजारच्या महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामायिक नळांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, आणि सदनिकेच्या आतल्या संडास-मोरीची ज्याची त्याने.

थर्मल कॅमेरा, ध्वनियंत्र, नळीत हायड्रोजन-नायट्रोजनचे मिश्रण भरून गळती हुंगणारे यंत्र अशी साधने आता मोठ्या शहरांतले व्यावसायिक आणतात. ती उपयोगी आहेत. पण थर्मल कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. गरम पाण्याची गळती त्याला चटकन सापडते, थंड पाण्याची ओल्या चिऱ्यात हरवते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक नळाच्या धातूला लावून मूठ कानाशी धरली तर निवांत रात्री गळतीचा बारीक सूं आवाज पुष्कळदा ऐकू येतो. ही जुनी रीत अजूनही चालते.

अंगणात किंवा रस्त्याकडेला पाणी दिसते आणि ते नळाचे की झऱ्याचे हे कळत नसेल, तर क्लोरीन तपासा. जलजीवन मिशनखाली गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे संच आणि प्रशिक्षण देण्याचे धोरण आहे. त्या संचात क्लोरीनची चाचणी असते. क्लोरीन सापडला तर पाणी नक्की नळाचे. नाही सापडला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीत मुरताना तो संपतो.

हा शोध पैशापुरता नाही. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या नळीत, पाणी गेल्यावर दाब उलटा होतो आणि ज्या छिद्रातून पाणी बाहेर जात होते त्याच छिद्रातून बाहेरची घाण आत ओढली जाते. ती नळी शोषखड्ड्याजवळून जात असेल तर कावीळ आणि जुलाबाचे जंतू थेट टाकीत येतात. मीटरच्या अलीकडे, सरकारी बाजूला गळती दिसली तर पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार त्याच दिवशी नोंदवा.

चवथीच्या तोंडावर घरे रंगवण्याची आपली रीत आहे. गणपतीच्या वर माटोळी बांधायची ती खोली स्वच्छ दिसावी ही भावना समजण्यासारखी आहे. पण ऑगस्टमध्ये भिंतीत वर्षातली सर्वांत जास्त ओल असते, आणि त्या वेळी लावलेला ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट तिला आत कोंडतो, शिवाय गळतीची खूणही पुसून टाकतो. फार तर चुन्याचा हात द्या. खरा रंग मार्च-एप्रिलमध्ये, ओलीचे कारण सापडल्यावर.

नवीन बाथरूम बांधत असाल तर गिलावा होण्याआधी लाइनला टेस्ट पंप लावून रात्रभर दाब ठेवा, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा. आणि तुमचे गावचे घर वर्षातले दहा महिने बंद असेल, तुम्ही मुंबईत किंवा परदेशात असाल, तर चवथीनंतर कुलूप लावून निघताना मीटरजवळचा वॉल्व आणि टाकीखालचे सगळे वॉल्व बंद करा, मीटरचा फोटो काढून बरोबर न्या, आणि शेजारच्या घरी किल्ली देऊन एप्रिलात एकदा भिंतींवरून हात फिरवायला सांगा.